घरातले वतन आणि बाईचा विसावा

अंबडच्या आमच्या वस्तीत महिलांची एक बैठक होती. धम्मचक्र प्रवर्तन दिनाची तयारी हा विषय होता. रात्रीचे नऊ वाजून गेले होते. कारखान्यातून सुटून, स्वयंपाक करून, भांडी घासून बायका आल्या होत्या. मी बोलायला उभी राहिले आणि सवयीने म्हणाले, ‘‘बायांनो, ही विश्रांती घेण्याची वेळ नाही.’’ मागे भिंतीला टेकून बसलेल्या एका मावशीचा डोळा लागला होता. शेजारणीने तिला हलवले. ती दचकून सावरून बसली आणि म्हणाली, ‘‘चुकलं मॅडम, डोळा लागला.’’

ती माझ्या आईच्या वयाची. दिवसभर राबलेल्या बाईने झोप आली म्हणून माझी माफी मागावी, आणि मी ती मुकाट्याने ऐकून पुढचे भाषण करावे, ही गोष्ट मला त्या रात्री फार लागली. विश्रांतीचा प्रश्न हा आपल्या चळवळीचा प्रश्न आहे की नाही, हे तेव्हापासून मी तपासते आहे. तो आहे, असे माझे मत झाले आहे. ते का, हे येथे मांडायचे आहे.

आपल्या बोलण्यात बसलेल्या बाईसाठी चांगला शब्द सापडत नाही. ‘बसून खाते’, ‘रिकामटेकडी आहे’, ‘दिवसा लोळते’ असेच म्हटले जाते. पुरुष ओट्यावर बसला तर तो दमून आलेला असतो. बाई बसली तर तिला काम नसते. हा फरक केवळ भाषेचा नाही. बाईच्या वेळेवर तिचा स्वतःचा हक्क नाही, हे आपण गृहीत धरले आहे.

आपल्या समाजाला ही स्थिती नवी नाही. महार वतन म्हणजे तरी काय होते? जमिनीचा एक तुकडा आणि बलुते यांच्या बदल्यात गावाची व सरकारची पडेल ती कामे करायची. कामाला वेळ ठरलेली नव्हती. अर्ध्या रात्री निरोप आला तरी उठायचे, सांगावा घेऊन दुसऱ्या गावी जायचे, मेलेले जनावर ओढायचे. घरचा पुरुष हजर नसेल तर घरातल्या दुसऱ्याने जायचे. नकार देण्याची सोय नव्हती. दारिद्र्य तर होतेच. पण दिवसातला एकही तास आपला नाही, ही या वतनातली मोठी गुलामी होती. म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात वतनासंबंधीचे विधेयक आणले आणि पुढेही हा प्रश्न सोडला नाही. १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ गाववतने रद्द झाली.

आता हीच कसोटी घरातल्या बाईला लावून पाहा. कामाची वेळ ठरलेली नाही. मोबदला नाही. कोणीही, केव्हाही हाक मारावी आणि तिने उठावे. ती आजारी असेल तर सुनेने किंवा लेकीने तिच्या जागी उभे राहावे, मुलाने नव्हे. तुलना सर्वस्वी जुळत नाही, हे मला ठाऊक आहे. वतन जातीने लादले होते, घरात मायाही असते. परंतु मायेमुळे कामाचे तास कमी होत नाहीत. गावकीचे वतन गेले, घरातले वतन अजून खालसा झालेले नाही.

विश्रांती ही कोणी दिलेली भीक नाही, ती लढून मिळवलेली गोष्ट आहे, हे आपल्याच इतिहासातून दिसते. जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या वतीने मागण्या मांडल्या. त्यांत रविवारची सुट्टी होती आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांतीही होती. १८९० च्या एप्रिलमध्ये मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी साप्ताहिक सुट्टी मान्य केली. आज ज्या रविवारी आपण उशिरा उठतो, तो रविवार मागायला बायका उभ्या राहिल्या होत्या.

बाबासाहेबांनीही हा प्रश्न किरकोळ मानला नाही. १९२८ साली प्रसूतीविषयक विधेयकाला पाठिंबा देताना त्यांनी असे मांडले की, प्रसूतीच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे. तेव्हा त्याचा भार सरकारनेही उचलला पाहिजे. १९४६ साली ते मजूरमंत्री असताना कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि आठवड्याच्या कामाची मर्यादा ५४ तासांवरून ४८ तासांवर आली. आपण त्यांना घटनेचे शिल्पकार म्हणून वंदन करतो. श्रमणाऱ्या माणसाला उसंत मिळावी म्हणून त्यांनी केलेले हे काम आपल्या भाषणांत क्वचित येते.

पण या साऱ्या लढ्यांतून मिळालेली विश्रांती कारखान्याच्या फाटकाशी संपते. माझी आई अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात ठेकेदाराकडे पॅकिंगच्या कामाला होती. आठ तास उभे राहून खोकी भरायची. तिला रविवारची सुट्टी होती. त्या रविवारी ती काय करायची? गोधड्या धुवायची, दळण आणायची, आठवड्याचे निवडणे-टिपणे करायची, पाण्याचे पिंप भरायची. मी दिव्याखाली अभ्यास करत बसायची आणि ती मला उठू द्यायची नाही. मी दहावीत असताना ती कामावर चक्कर येऊन पडली. रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन सात निघाले. तोवर आम्ही सारे तिला म्हणत होतो, ‘आई, तू हल्ली चिडचिड फार करतेस.’ घरातली पहिली पदवीधर म्हणून माझा सत्कार झाला तेव्हा ती मागच्या खुर्चीत बसली होती. माझ्या शिक्षणाचा खर्च तिने पैशात कमी आणि झोपेत जास्त भरला, हे मला फार उशिरा कळले.

येथे शरीराचा हिशेब समजून घेतला पाहिजे. रक्तातले हिमोग्लोबिन शरीरभर प्राणवायू पोचवते. ते कमी झाले की जिना चढताना धाप लागते, डोके दुखते, मन लागत नाही, चीड येते. लोक याला आळस किंवा स्वभाव म्हणतात. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. जी सर्वांत शेवटी जेवते आणि उरलेले खाते, तिच्या वाट्याला हे यायचेच. प्रौढ माणसाला रात्री किमान सात तास झोप लागते. ती वर्षानुवर्षे तोडली तर रक्तदाब, मधुमेह आणि मनाचे आजार यांना वाट मिळते.

आता वेळेचा हिशेब पाहू. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रीचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटे, म्हणजे जवळजवळ पाच तास, बिनमोबदल्याच्या घरकामात जातात. पुरुषाची ८८ मिनिटे जातात. आणि त्यातही घरकामाला हात लावणारा पुरुष साधारण चारांतला एक. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातल्या रोजच्या कामाची मर्यादा ९ वरून १२ तासांपर्यंत नेणाऱ्या दुरुस्तीला मंजुरी दिली. नोव्हेंबर २०२५ मध्ये देशात नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. आठवड्याचे ४८ तास कायम आहेत, असे आपल्याला सांगितले जाते. पण बारा तासांची पाळी, एक तास जाण्यायेण्याचा आणि पाच तास घरकाम, ही बेरीज अठरा होते. उरलेल्या सहा तासांत झोप, अंघोळ, जेवण, मुलाचा अभ्यास आणि आपल्या बैठका! पुरुष कामगाराचा दिवस लांबला तर त्याचा विसावा कमी होतो. स्त्री कामगाराचा दिवस लांबला तर तिची झोपच जाते.

यावर काही कार्यकर्ते म्हणतात, ‘‘हे सुखवस्तू घरांतले लाड आहेत. आपल्या आयांनी हाल काढले म्हणून आपण उभे राहिलो.’’ हे दुसरे वाक्य खरे आहे, म्हणूनच पहिले चुकीचे आहे. रमाईच्या कष्टांची गाणी आपण गातो. पण रमाई १९३५ साली, वयाची चाळिशीही न गाठता, दीर्घ आजारानंतर गेल्या, हे गाताना आपण थांबून पाहत नाही. त्यागाचा गौरव जरूर करावा. पण तोच त्याग पुढच्या प्रत्येक बाईकडून वसूल करू नये. बाईच्या कष्टाला सोन्याचा मुलामा दिला की पुरुषाला भांडे घासावे लागत नाही, ही गोष्टही स्पष्ट बोलली पाहिजे.

आपल्या धम्मातही शरीर झिजवण्याला मान नाही. सोण नावाचा भिक्खू चंक्रमण करता करता पायांतून रक्त येईपर्यंत श्रमला. तो पूर्वी वीणा वाजवत असे. बुद्धाने त्याला वीणेच्या तारांचीच आठवण दिली : फार ताणली तरी सूर लागत नाही, फार सैल सोडली तरी नाही. अंबडपासून जवळच त्रिरश्मी लेणी आहेत. पावसाळ्यात भिक्खूंनी भटकणे थांबवून एका जागी राहावे, हा संघाचा नियम होता. ही लेणी त्यांच्या निवासाची. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी तिथल्या दहाव्या लेण्यात उषवदाताची पत्नी दक्षमित्रा हिने एक खोली दान दिल्याचा शिलालेख आहे. थांबण्यासाठी जागा लागते आणि ती कुणीतरी ठरवून द्यावी लागते.

तेव्हा करायचे काय? नुसते ‘स्वतःची काळजी घ्या’ असे बायकांना सांगणे म्हणजे त्यांच्या कामांत आणखी एक काम घालणे. विसावा घरातल्या सर्वांनी मिळून मोकळा करावा लागतो. घरातल्या कामांची यादी कागदावर करावी आणि ती पुरुषांत व मुलग्यांत वाटावी. ‘मदत’ हा शब्द टाकून द्यावा. मदत परक्याला करतात. रोजचा एक तास बाईच्या नावाचा असावा आणि त्या तासात तिने काय केले हे विचारू नये. ती वाचेल, झोपेल किंवा नुसती बसेल. सर्वांनी एकत्र जेवावे. वर्षातून एकदा तिचे रक्त तपासावे. वस्तीतल्या विहाराची दुपार बायकांना बसण्यासाठी मोकळी ठेवावी. कामगार संघटनांनी पाळीच्या तासांबरोबर पाळणाघराचा प्रश्नही मागणीपत्रात घ्यावा.

सुरुवात मला माझ्यापासून करावी लागली. ‘मॅडम कधी थकत नाहीत’ असे कोणी म्हटले की मला बरे वाटायचे. आता मी थकले तर थकले असे सांगते. आमच्या महिलांच्या बैठका रविवारी दुपारी चार वाजता होतात. मुलांकडे पाहण्याचे आणि चहाचे काम मंडळाच्या तरुणांकडे दिले आहे. पहिल्या वेळी चहा फार गोड झाला, दुसऱ्या वेळी ठीक झाला. गेल्या बैठकीत त्या मावशींचा पुन्हा डोळा लागला. या वेळी कोणी त्यांना उठवले नाही. त्या जाग्या झाल्यावर काय ठरले ते आम्ही त्यांना सांगितले.