पन्नासाव्या वर्षाचा कायदा

१६ मे १९९८, शनिवार. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरात जगातल्या आठ बलाढ्य देशांच्या प्रमुखांची परिषद चालू होती. त्या दिवशी सुमारे ७० हजार माणसांनी शहराच्या मध्यभागाभोवती हातात हात घालून मानवी साखळी धरली. चर्चला जाणारी साधी कुटुंबे, पाद्री, विद्यार्थी, कामगार संघटनांचे कार्यकर्ते असे सगळे त्यात होते. मागणी एकच होती : गरीब देशांवरचे, फेडणे अशक्य झालेले कर्ज इ. स. २००० पर्यंत सोडून द्या. राष्ट्रप्रमुख त्या दिवशी शहराबाहेर वेस्टन पार्क येथे होते. तरीही इतक्या मोठ्या जमावाकडे काणाडोळा करणे शक्य नव्हते. पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी परत येऊन चळवळीच्या प्रतिनिधींची भेट घेतली.

चळवळीचे नाव होते ‘ज्युबिली २०००’. हे नाव बायबलच्या जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायातून घेतलेले होते.

मागच्या भागात डोंगरावरील प्रवचन आणि गांधीजी यांच्याविषयी लिहिले होते. ते प्रवचन कोणाच्याही मनाला थेट भिडते. लेवीयचे तसे नाही. त्यात बळींचे प्रकार, शुद्ध-अशुद्ध प्राणी, त्वचारोगांची लक्षणे, घराच्या भिंतीवर आलेल्या बुरशीचे नियम असे सगळे आहे. बायबल पहिल्या पानापासून वाचायला घेणारे बरेच जण याच पुस्तकात अडखळतात आणि पुढे जायचे सोडून देतात. तरीही जगाच्या अर्थव्यवहारावर बायबलच्या ज्या पानांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस ठसा उमटवला, ती याच पुस्तकातली आहेत. म्हणून ती जरा निवांत पाहायला हवीत.

अध्यायातली व्यवस्था अशी. सहा वर्षे शेत पेरायचे, सातव्या वर्षी जमिनीला विसावा द्यायचा. अशी सात वर्षांची सात चक्रे झाली की एकोणपन्नास वर्षे भरतात. त्यानंतरचे पन्नासावे वर्ष योबेल वर्ष, म्हणजेच ज्युबिली. सातव्या महिन्याच्या दहाव्या दिवशी, प्रायश्चित्ताच्या दिवशी, देशभर शिंग फुंकायचे. त्या वर्षी विकलेली जमीन मूळ कुटुंबाकडे परत जायची आणि दारिद्र्यामुळे चाकरीत गेलेला इस्राएली माणूस मुलाबाळांसह मोकळा होऊन घरी परतायचा.

हा कायदा हिशेबालाही पक्का आहे. शेत ‘विकले’ असे म्हणायचे, पण खरी विक्री पिकांची व्हायची. पुढच्या योबेलला तीस वर्षे असतील तर तीस पिकांची किंमत, पाचच राहिली असतील तर पाच पिकांची. तटबंदीच्या गावातल्या घराचा नियम वेगळा होता. ते वर्षभरात सोडवून घेता आले नाही, तर कायमचे घेणाऱ्याचे व्हायचे. म्हणजे शहरातला घरांचा व्यवहार मोकळा ठेवला होता आणि पोट ज्यावर चालते ती जमीन मात्र कायमची हातची जाऊ दिली नव्हती. अडचणीत आलेल्या भाऊबंदाकडून व्याज घेऊ नये, असेही त्याच अध्यायात बजावले आहे. या सगळ्यामागचे कारण एका वाक्यात दिले आहे : जमीन देवाची आहे, माणसे तिच्यावर उपरी आणि पाहुणी म्हणून राहतात.

एका आजोबांचे वाईट साल, दुष्काळ किंवा चुकीचा व्यवहार त्यांच्या नातवंडांना कायमचे भूमिहीन करणार नाही, एवढी खबरदारी या कायद्यात आहे. कर्जाचा स्वभाव वाढत जाण्याचा असतो. त्याला शेवटची तारीख देणे हेच या अध्यायाचे वेगळेपण, आणि आजही तो कामाला येतो तो याच कारणाने.

कर्जे रद्द करणे प्राचीन जगात नवीन नव्हते. बाबिलोनचा राजा अम्मीसदुक याने येशूच्या सोळाशेहून अधिक वर्षे आधी धान्याची आणि चांदीची कर्जे रद्द करणारा हुकूम काढला होता, आणि त्याच्या आधीच्या राजांनीही तसे केले होते. पण ती राजाची मर्जी होती. लेवीयने तीच गोष्ट दिनदर्शिकेत नोंदवली, म्हणजे राजा कोणीही असो, वर्ष आले की शिंग वाजणार.

शिंग खरोखर वाजले का? योबेल वर्ष प्रत्यक्ष पाळल्याचा एकही प्रसंग बायबलमध्ये वर्णिलेला नाही. हे दडवण्याचे कारण नाही. उलट सावकारीचा जाच आणि त्यावर तोडगा काढण्याची धडपड मात्र ग्रंथात जागोजागी दिसते. अनुवाद या पुस्तकात दर सातव्या वर्षी कर्ज सोडण्याचा नियम आहे आणि लगेच इशाराही आहे की सातवे वर्ष जवळ आले म्हणून गरिबाला उसने द्यायला हात आखडू नका. हात आखडले जात होतेच. येशूच्या थोडे आधी होऊन गेलेले धर्मगुरू हिल्लेल यांनी यावर ‘प्रोझ्बुल’ नावाच्या दस्ताची तोड काढली. कर्ज न्यायालयाच्या ताब्यात दिले की ते सातव्या वर्षी रद्द होत नसे. कर्ज बुडेल या भीतीने पतपुरवठाच आटतो, ही आजच्या बँकांची तक्रार दोन हजार वर्षांपूर्वीही तितकीच खरी होती.

सर्वांत जिवंत प्रसंग नहेम्याच्या पुस्तकात आहे. इ. स. पूर्व ४४५ च्या सुमारास इराणच्या बादशहाचा सुभेदार म्हणून नहेम्या यरुशलेमला आला. शहराची पडलेली तटबंदी बांधण्याचे काम जोरात असताना माणसे आरडाओरड करत त्याच्याकडे आली. कोणी पोरांच्या तोंडी घालायला धान्य नाही म्हणून रडत होते. कोणी दुष्काळात शेत, द्राक्षमळा, घर गहाण टाकले होते. कोणी बादशहाचा सारा भरायला कर्ज काढले होते आणि आता मुली दासी म्हणून द्याव्या लागत होत्या. नहेम्याने सरदारांना भरसभेत उभे केले. आपण आणि आपल्या माणसांनीही पैसे आणि धान्य कर्जाऊ दिले आहे, हे त्याने तिथेच सांगून टाकले. मग शेते, मळे, घरे आणि घेतलेले व्याज परत करण्याची शपथ त्याने त्यांना घ्यायला लावली. अंगावरचे वस्त्र झटकून तो म्हणाला की शपथ मोडणाऱ्याला देव असाच झटकून टाको. पुढे बारा वर्षे सुभेदार असताना त्याने सुभेदाराचा भत्ताही घेतला नाही.

आता या अध्यायाच्या काळ्या बाजूकडे. लेवीयचा पंचविसावा अध्याय इस्राएली चाकराला सोडायला सांगतो, पण परक्या लोकांमधून घेतलेले गुलाम कायमची मालमत्ता म्हणून ठेवायची आणि वारसांना द्यायची मुभाही देतो. ही वचने अमेरिकेतल्या गुलामांच्या मालकांना तोंडपाठ होती. धर्मग्रंथ आजही उपयोगाचा आहे असे म्हणणाऱ्याने ही वचनेही त्याच दमात वाचली पाहिजेत.

१८०७ मध्ये लंडनहून बायबलची एक निवडक आवृत्ती निघाली. ती वेस्ट इंडीजमधल्या ब्रिटिश वसाहतींतल्या गुलामांसाठी होती. तिच्यातून जुन्या कराराचा सुमारे नव्वद टक्के आणि नव्या कराराचा निम्मा भाग वगळला होता. मोशेने गुलामांना मिसर देशातून बाहेर काढल्याची हकीकत त्यात नव्हती. ख्रिस्तात दास आणि स्वतंत्र असा भेद नाही, असे सांगणारे पौलाचे वचनही नव्हते. दासांनी धन्याची आज्ञा पाळावी हे मात्र शाबूत होते. कात्री लावणाऱ्यांना ग्रंथाचे सामर्थ्य नेमके कळले होते. जे वाचून गुलाम उठून उभा राहील, ते त्यांनी काढून टाकले.

या आवृत्तीच्या मोजक्याच प्रती उरल्या आहेत. त्यांतली एक अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरातल्या फिस्क विद्यापीठाकडे आहे. गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांच्या शिक्षणासाठी ही संस्था १८६६ मध्ये सुरू झाली. पाचच वर्षांत ती बंद पडण्याची वेळ आली, तेव्हा तिथल्या विद्यार्थ्यांचा एक गायकसंघ पैसे जमवायला बाहेर पडला. त्यांतले बहुतेक जण गुलामगिरीत जन्मलेले होते. त्यांच्या शिक्षकांनी संघाला नाव दिले ‘ज्युबिली सिंगर्स’, लेवीयमधल्या त्या मुक्तीच्या वर्षावरून. गुलामीत जन्मलेली गाणी गात हा संघ अमेरिकाभर आणि पुढे इंग्लंडमध्ये फिरला. १८७३ मध्ये त्याने व्हिक्टोरिया राणीसमोर गायन केले. जमलेल्या पैशातून उभी राहिलेली ‘ज्युबिली हॉल’ ही इमारत आजही विद्यापीठात आहे.

त्याआधी १७५१ मध्ये पेनसिल्व्हेनिया प्रांताच्या विधानसभेने लंडनला एक घंटा ओतायला सांगितली होती. विल्यम पेनने प्रांताला दिलेल्या सनदेला तेव्हा ५० वर्षे होत होती. घंटेवर लेवीयच्या याच अध्यायातले दहावे वचन कोरले गेले, देशातल्या सर्व रहिवाशांना मुक्ती जाहीर करा अशा अर्थाचे. ऐंशी-नव्वद वर्षांनी गुलामगिरीविरोधी कार्यकर्त्यांनी ‘सर्व’ या शब्दाकडे बोट दाखवले आणि त्या घंटेला ‘लिबर्टी बेल’ हे नाव त्यांच्यामुळेच रूढ झाले.

येशूच्या सार्वजनिक कामाची सुरुवातही याच धाग्याशी जोडलेली आहे. लूकच्या शुभवर्तमानात नासरेथच्या सभास्थानात तो यशयाच्या ग्रंथातला उतारा वाचतो. गरिबांना सुवार्ता, बंदिवानांना सुटका आणि देवाच्या कृपेचे वर्ष अशी घोषणा त्यात आहे. त्या वर्षाच्या मागे योबेलची आठवण उभी आहे, असे बायबलचे बरेच अभ्यासक मानतात.

विसाव्या शतकात हे सारे पुन्हा वर आले ते तेलाच्या पैशामुळे. १९७३ नंतर तेलउत्पादक देशांचा पैसा पाश्चात्त्य बँकांत साठला आणि बँकांनी तो गरीब देशांना सढळ हाताने कर्जाऊ दिला. काही ठिकाणी तो हुकूमशहांच्या खिशात गेला. दशकाच्या अखेरीस अमेरिकेत व्याजदर भडकले, तांबे आणि कॉफीसारख्या मालाचे भाव पडले आणि ऑगस्ट १९८२ मध्ये मेक्सिकोने कर्ज फेडणे शक्य नसल्याचे कळवले. आफ्रिकेतल्या देशांना हप्त्यांसाठी शाळा-दवाखान्यांवरचा खर्च कापावा लागला. ज्या मुलांनी कर्ज घेतले नव्हते, त्यांच्या शाळेतून ते वसूल होत होते.

इंग्लंडच्या कील विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवणारे मार्टिन डेंट आणि निवृत्त मुत्सद्दी बिल पीटर्स यांनी १९९० च्या दशकात या प्रश्नाला योबेल वर्षाशी जोडले. पोप दुसरे जॉन पॉल यांनीही १९९४ च्या पत्रात लेवीयचा हवाला देऊन गरीब देशांचे कर्ज मोठ्या प्रमाणात कमी करण्याचा, शक्य तर रद्द करण्याचा विचार मांडला. चळवळीच्या अर्जावर जगभरातून २ कोटी ४० लाख सह्या झाल्या. अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये अलाबामाचे स्पेन्सर बाकस हे कट्टर रिपब्लिकन आणि बॅप्टिस्ट खासदार कर्जमुक्तीच्या बाजूने उभे राहिले. अर्थशास्त्राची आकडेमोड चळवळीने तज्ज्ञांकडून घेतली. ग्रंथाने तिला दोन गोष्टी दिल्या : एक ठरलेली तारीख, आणि डाव्या-उजव्या दोन्हींना समजेल अशी नैतिक भाषा. या दोन्ही नसत्या तर हा विषय वित्तमंत्र्यांच्या फायलींतच राहिला असता.

त्याच आठ देशांच्या १९९९ च्या कोलोन परिषदेत आणि २००५ च्या ग्लेनईगल्स परिषदेत मोठ्या कर्जमुक्तीचे निर्णय झाले. पुढे ३७ देशांना मिळून १०० अब्ज डॉलरहून अधिक दिलासा मिळाला. टांझानियाने २००१ मध्ये प्राथमिक शाळांचे शुल्क बंद केले. झांबियाने २००६ मध्ये ग्रामीण दवाखान्यांतली फी उठवली.

झांबियाची पुढची कहाणी मात्र मनाला लागते. १९७९ मध्ये रुमानियाकडून उधारीवर घेतलेल्या शेतीच्या यंत्रांचे जुने कर्ज डोनेगल इंटरनॅशनल या कंपनीने १९९९ मध्ये सुमारे ३३ लाख डॉलरना विकत घेतले आणि लंडनच्या न्यायालयात साडेपाच कोटी डॉलर मागितले. २००७ मध्ये न्यायालयाने सुमारे दीड कोटी डॉलर देववले. इतरांनी सोडलेल्या पैशातून एकाने आपली तुंबडी भरली. या आणि अशा दाव्यांवरच्या संतापातून ब्रिटनने २०१० मध्ये असे दावे आवळणारा कायदा केला. त्यानंतर झांबियाने २०१२ पासून रोख्यांवर नवे कर्ज उचलले, चीनकडूनही घेतले, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये हप्ता चुकवला.

मग कर्जमाफीने काय साधले, कर्जबुडवेपणाची सवयच लागते ना, असा सवाल लगेच येतो. शेतकरी कर्जमाफीच्या प्रत्येक चर्चेत मराठी वाचक तो ऐकतो. त्यात तथ्य आहे. पण लेवीयने एकदाच माफी द्या असे सांगितलेले नाही. दर पन्नास वर्षांनी पुन्हा हिशेब करा असे सांगितले आहे, कारण गरिबी पुन्हा येणार हे त्या कायद्याने गृहीतच धरले आहे. आज राष्ट्रांसाठी अशी नियमित, सर्व सावकारांना बांधणारी व्यवस्था नाही. कंपनीला दिवाळखोरीचा कायदा आहे, देशाला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार आणि विकास संस्थेने २०२४ मध्ये सांगितले की ३३० कोटी माणसे अशा देशांत राहतात, जे आरोग्यावर किंवा शिक्षणावर करतात त्यापेक्षा जास्त खर्च व्याजावर करतात. पोप फ्रान्सिस यांनी २०२५ च्या ज्युबिली वर्षाची घोषणा करताना श्रीमंत देशांकडे पुन्हा हीच कर्जमुक्ती मागितली.

पुढच्या भागात आमोस हा मेंढपाळ संदेष्टा आणि मार्टिन ल्यूथर किंग यांच्याविषयी. तोवर वाचकांनी नहेम्याचा पाचवा अध्याय काढून जरूर वाचावा. एकोणीसच वचने आहेत आणि कोणत्याही मराठी बायबलमध्ये ती मिळतील.