वेष आणि व्रत

दुसऱ्याचे दुःख पाहून एखादा मनुष्य आपला वेष बदलतो, तेव्हा काही लोक त्याची वाखाणणी करतात, काही मात्र विचारतात, "याने अंगरखा टाकला म्हणून उघड्याच्या अंगावर वस्त्र येते काय?" हा प्रश्न रास्त आहे. महात्मा गांधींच्या चरित्रात त्याचे उत्तर सापडते.

१९१७ साली गांधीजी बिहारमधील चंपारण भागात काम करीत होते. तेथील एका खेड्यातील स्त्रियांची वस्त्रे फार मळलेली दिसली. याचे कारण त्यांनी कस्तुरबांकरवी विचारले. तेव्हा एका स्त्रीने कस्तुरबांना आपली झोपडी दाखविली. अंगावरच्या लुगड्यावाचून तिच्यापाशी दुसरे लुगडेच नव्हते. ते धुवावयाचे, तर नेसावयाचे काय?

पुढे १९२१ साली परदेशी कापडावरील बहिष्कार जोरात सुरू झाला. परदेशी कापड टाकून खादी वापरा, असे गांधीजी सांगत. परंतु खादीस पैसे कोठून आणावे, हा गरिबांचा प्रश्न होता. अशांनी लहानशा पंच्यावर भागवावे, असे सांगावयाचे, तर आधी स्वतः तसे वागणे त्यांना आवश्यक वाटले. २२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुराई येथे त्यांनी टोपी व सदरा यांचा त्याग केला आणि आखूड पंचा नेसला. हा नेम प्रथम निदान ३१ ऑक्टोबरपर्यंत होता. पण तो जन्मभर टिकला. सहकाऱ्यांनीही तसाच वेष करावा, असा आग्रह मात्र त्यांनी धरला नाही.

या पंच्याने गरिबांना वस्त्र मिळाले काय? केवळ पंच्याने नाही. परंतु गांधीजी तेवढ्यावर थांबले नाहीत. ते नेमाने सूत कातीत. १९२५ साली त्यांच्या पुढाकाराने अखिल भारतीय चरखा संघ स्थापन झाला आणि त्याच्याद्वारे खेड्यांतील कातणाऱ्या स्त्रियांना मजुरी मिळू लागली. ती मजुरी अल्प होती. तिने साऱ्या देशाचे दारिद्र्य फिटले नाही. तरीही ज्या घरात पूर्वी काहीच येत नव्हते, तेथे चार पैसे आले. १९३१ साली इंग्लंडच्या राजाच्या भेटीसही गांधीजी पंचा नेसूनच गेले. गरिबांचा वेष त्यांनी राजवाड्यातही सोडला नाही.

वेष बदलणे म्हणजे दुःखिताला वचन देणे होय. ते वचन कष्टाने पाळले, तरच त्याचे व्रत होते. एरवी तो नुसता वेषच राहतो.