ऑपेरा हाऊस : बाल्कनीतून ऐकावं असं थिएटर

चर्नी रोड स्टेशनातून उतरून लॅमिंग्टन रोडच्या दिशेने निघालं की हिरे बाजाराच्या गर्दीत रॉयल ऑपेरा हाऊसचं दर्शन होतं. १९९३ पासून तब्बल तेवीस वर्षं या थिएटरला टाळं होतं. छत गळत होतं, भिंतींतून झाडं उगवली होती. तरी बसचे कंडक्टर स्टॉप आला की 'ऑपेराऽ हाऊस' म्हणून ओरडतच राहिले.

इतिहास थोडक्यात सांगते. मॉरिस बँडमन आणि जहांगीर करका या दोघांनी हे थिएटर उभारायला घेतलं. १९११ मध्ये बांधकाम चालू असतानाच बादशहा पंचम जॉर्जच्या हस्ते उद्घाटन झालं. १९३०च्या दशकात मालकी बदलली आणि सिनेमासाठी आत बरीच तोडफोड झाली. १९५२ मध्ये गोंडलच्या राजघराण्याने ते विकत घेतलं आणि आजही ते त्यांच्याच मालकीचं आहे.

आत पाऊल टाकल्यावर नजर आधी वर जाते. घुमटाचे आठ भाग कवी आणि नाटककारांना वाहिलेले आहेत. खाली ससून घराण्याने दिलेली झुंबरं आहेत. सोनेरी नक्षी, लाल खुर्च्या, मंचाच्या दोन्ही अंगांना बॉक्स. वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या चमूने जुने फोटो पाहत, रंगाचे थर खरवडत मूळ रूप शोधलं. या कामाला काही वर्षं लागली. ऑक्टोबर २०१६ मध्ये गोव्याशी नातं असलेल्या, मुंबईत जन्मलेल्या सोप्रानो पॅट्रिशिया रोझारिओ यांच्या गायनाने दारं उघडली. पुढच्याच वर्षी युनेस्कोचा वारसा-संवर्धन पुरस्कारही मिळाला. ही शाबासकी रास्तच आहे. मुंबईत जुन्या इमारती पाडायला एक पावसाळा पुरतो. इथे मात्र कुणीतरी चिकाटीने पुन्हा उभं करायचं ठरवलं.

पण मी रमले ती पृथ्वीराज कपूर यांच्या गोष्टीत. इथे सिनेमा चालू असल्यामुळे पृथ्वी थिएटर्सचे खेळ सकाळी होत. 'दीवार', 'पठाण' असली नाटकं. खेळ संपला की पृथ्वीराज स्वतः दाराशी झोळी पसरून, मान खाली घालून उभे राहत. कुणी किती टाकलं ते पाहायचं नाही, म्हणून मान खाली. ठाकूरद्वारच्या चाळीतले एक आजोबा मला भेटले. वडिलांचं बोट धरून ते इथे आले होते. "वडिलांनी मुठीत नाणं दिलं नि म्हणाले, टाक. मी टाकलं आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. एवढा उंच माणूस, पण नजर वर केली नाही. घरी येईपर्यंत मी गप्प होतो." सांगताना आजोबांनी स्वतःही मान खाली घातली होती. मंचावर राजा आणि दाराशी याचक, असं एकाच सकाळी दिसलेलं त्यांना आजही लख्ख आठवतं.

या मंचावर बालगंधर्व आणि मास्टर दीनानाथही गायले. माइकविना शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचावा, अशीच या थिएटरची बांधणी आहे. बाल्कनीत बसून मी मंचावर चाललेली कामगारांची बोलणी ऐकली, शब्द न् शब्द कळत होता. आसपासचा परिसरही गाण्याचाच. बी. आर. देवधरांची संगीतशाळा इथेच, कुमार गंधर्व तिथे शिकले. केनेडी ब्रिजवरच्या गाणाऱ्या बायकांची घरं जवळच. साहित्य संघ मंदिर चालत जाण्याच्या अंतरावर.

आता गिरगावातल्या त्या चाळी उंच इमारतींना जागा करून देत आहेत. आजोबांची मुलं उपनगरात गेली. थिएटर नव्याने सजल्यापासून आजोबा इथे आलेले नाहीत. "आमच्यासाठी काही लागलं तर सांगा," एवढंच म्हणाले. पाचेकशे खुर्च्यांचं, न ओरडता गाता येईल असं थिएटर मुंबईत आहे, आणि संगीत नाटकांना नेमकं असंच लागतं. एखाद्या रविवारी सकाळी, जुन्या वेळेला, गिरगावकरांना परवडेल अशा तिकिटात इथे 'संगीत सौभद्र' लावा. आजोबांना घेऊन मी पहिल्या खेळाला येईन.