विश्लेषण : बोर्दोत द्राक्षवेली उपटण्यासाठी पैसे का दिले गेले?

नाशिक-सांगलीच्या द्राक्ष बागायतदारांना ‘बोर्डो’ हा शब्द नवा नाही. केवडा (डाऊनी) रोगावर ते मोरचूद-चुन्याचे बोर्डो मिश्रण फवारतात. हे मिश्रण ज्या शहराच्या नावाने ओळखले जाते, त्या फ्रान्समधील बोर्दोभोवतीचे अनेक शेतकरी आता बागाच काढून टाकत आहेत. २०२३ मध्ये तेथे साडेनऊ हजार हेक्टरवरील वेली उपटण्यासाठी ५ कोटी ७० लाख युरोंची योजना जाहीर झाली. मोबदला हेक्टरी ६ हजार युरो. आंदोलक शेतकऱ्यांची मागणी १० हजारांची होती.

बोर्दोची वाइन जगभर कशी पोहोचली?

गिऱ्हाइकामुळे. ११५२ मध्ये येथील सरदारकन्या एलिनॉरचा विवाह हेन्री प्लांटाजेनेटशी झाला. दोन वर्षांत तो इंग्लंडचा राजा झाला आणि बोर्दोच्या वाइनला इंग्लंडची बाजारपेठ मिळाली. १४५३ मध्ये इंग्रजांची सत्ता गेली, पण गिऱ्हाईक टिकले. बोर्दोच्या लाल वाइनला ते आजही ‘क्लॅरेट’ म्हणतात. सतराव्या शतकात डच तंत्रज्ञांनी मेदॉक भागातील दलदलीचा निचरा केला. तेथील गोटाळ जमिनीत कॅबर्ने सोव्हिन्यॉ उत्तम येते. पूर्वेकडे सेंत-एमिलियों, पोमरोलच्या चिकणमातीत मर्लो.

याच मेदॉकमध्ये चोरांना धाक म्हणून रस्त्याकडेच्या वेलींना मोरचूद-चुना फासत. त्या वेलींवर केवडा नाही, हे १८८२ मध्ये प्राध्यापक मिलार्दे यांच्या लक्षात आले. बोर्डो मिश्रणाचा जन्म तो असा.

प्रतवारी काय आहे?

१८५५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनासाठी दलालांनी बागांची प्रतवारी लावली. निकष मुख्यतः वर्षानुवर्षे मिळालेल्या भावाचा. त्यानंतर बढती मिळाली ती एकाच बागेला : १९७३ मध्ये मुतों रोथशिल्डला. बाटलीमागे शेकडो युरो मिळवणारी नावे या यादीतली. लाल वाइनच्या या यादीत बागा मात्र साठेकच. बाकीचे हजारो उत्पादक तिच्याबाहेर आहेत आणि आजचे संकट मुख्यतः त्यांचे आहे.

मग बिघडले कुठे?

१९६० च्या सुमारास फ्रान्समध्ये वर्षाला दरडोई शंभर लिटरहून अधिक वाइन प्यायली जाई. आता त्याच्या निम्मीही नाही. त्यातही तरुणांची पसंती बिअर, हलकी पांढरी किंवा गुलाबी वाइन यांना. बोर्दोचे सुमारे ८५ टक्के उत्पादन लाल! मधल्या काळात चीनने भरपूर माल उचलला. ती मागणीही ओसरली. घाऊक वाइनचा भाव उत्पादन खर्चाखाली गेल्यावर काहींनी बागा तशाच सोडल्या. तुडतुड्यांमार्फत पसरणारा ‘फ्लाव्हेसाँस दोरे’ हा रोग अशा बागांतून शेजाऱ्यांकडे जातो. म्हणून सरकारी मदत ‘रोगप्रतिबंध’ या नावाखाली आली. वेली काढलेल्या जमिनीवर झाडे लावायची, ती पडीक ठेवायची किंवा दुसरे पीक घ्यायचे, अशी अट आहे.

टिकून राहणाऱ्यांचे काय?

त्यांच्यापुढे हवामानाचा प्रश्न आहे. तापमान वाढल्याने मर्लो लवकर पिकते, साखर वाढते आणि वाइनमधील अल्कोहोलही. त्यामुळे २०२१ मध्ये सहा नव्या वाणांना परवानगी मिळाली. त्यात पोर्तुगालची तूरिगा नासियोनाल आहे. अर्थात बागेच्या ५ टक्के क्षेत्रापुरतीच.