घर एका शहरी, विमान दुसऱ्या शहरी

प्रतिनिधी

पुण्याहून मुंबईला नोकरीसाठी रोज अप-डाऊन करणारे पासधारक आपल्याला नवे नाहीत. १९३० पासून धावणाऱ्या डेक्कन क्वीनने अशा चाकरमान्यांच्या कित्येक पिढ्या पाहिल्या आहेत. मात्र हेच अप-डाऊन हजार-दोन हजार किलोमीटरचे असेल, ते विमानाने करावे लागत असेल आणि त्या विमानात जागा मिळेल की नाही याची शाश्वती शेवटच्या क्षणापर्यंत नसेल तर? अमेरिकेतील प्रवासी विमान कंपन्यांचे हजारो वैमानिक याच रीतीने कामावर जातात. बायको-मुले एका राज्यात आणि विमान दुसऱ्याच राज्यात, असा हा संसार असतो. नोकरीच्या गावी बिऱ्हाड हलवावे, की आहे तेथेच राहून ये-जा करावी, हा प्रश्न तेथील वैमानिकाच्या घरात एकदा नव्हे, तर तीस-पस्तीस वर्षांच्या कारकिर्दीत अनेकदा उभा राहतो. त्याचे उत्तर केवळ त्या कुटुंबापुरते मर्यादित राहत नाही. विमानात मागे बसलेल्या प्रवाशांचाही त्याच्याशी संबंध असतो.

बेस कायमचा नसतो

विमान कंपनी प्रत्येक वैमानिकाला एक शहर नेमून देते. त्याला ‘बेस’ म्हणतात. वैमानिकाची दोन, तीन किंवा चार दिवसांची फेरी त्या शहरातून सुरू होते आणि तेथेच संपते. फेरीदरम्यान परगावी मुक्काम पडला, तर हॉटेलचा खर्च कंपनी करते. पण घरापासून बेसपर्यंत कसे पोहोचायचे, आदल्या रात्री कोठे झोपायचे, हे ज्याचे त्याने पाहायचे असते.

बेसच्या गावीच घर का घेत नाहीत, असा प्रश्न साहजिकच पडतो. त्याचे उत्तर गेल्या काही दशकांच्या इतिहासात आहे. १९७८ मध्ये अमेरिकेने विमान वाहतुकीवरील आर्थिक नियंत्रणे उठवली. त्यानंतर कंपन्यांनी मोजक्या मोठ्या विमानतळांभोवती आपले जाळे विणले. पुढे दिवाळखोरी आणि विलीनीकरणाच्या लाटा आल्या आणि ही केंद्रेही डळमळू लागली. अमेरिकन एअरलाइन्सने २००१ मध्ये टीडब्ल्यूए कंपनी ताब्यात घेतली आणि २००३ मध्ये सेंट लुईस येथील उड्डाणांना मोठी कात्री लावली. यूएस एअरवेजने २००४ मध्ये पिट्सबर्गचे केंद्र मोडीत काढले. डेल्टाने २०१३ मध्ये मेम्फिसचे, तर युनायटेडने २०१४ मध्ये क्लीव्हलँडचे केंद्र बंद केले. या शहरांत ‘कायमचे’ म्हणून घर घेतलेल्या वैमानिकांपुढे एकतर पुन्हा स्थलांतर किंवा अप-डाऊन, एवढे दोनच पर्याय उरले.

ज्येष्ठतेचा महिमा

दुसरे कारण म्हणजे ज्येष्ठतेची यादी. वैमानिक कंपनीत कोणत्या तारखेला रुजू झाला, यावर त्याचा क्रमांक ठरतो. बेस, विमानाचा प्रकार, महिन्याचे वेळापत्रक, सुट्ट्या आणि कॅप्टनपदाची संधी, हे सारे त्या क्रमांकाने मिळते. कंपनी बदलली, की हा क्रमांक मागे राहतो आणि नव्या ठिकाणी पुन्हा तळापासून आरंभ करावा लागतो. त्यामुळे घराजवळच्या बेससाठी कंपनी बदलणे मध्यमवयीन वैमानिकाला सहसा परवडत नाही.

या पद्धतीत आणखी एक मेख आहे. सहवैमानिकांच्या यादीत वरच्या क्रमांकावर पोहोचलेला माणूस कॅप्टन झाला, की कॅप्टनांच्या यादीत तळाशी जातो. पगार वाढतो, पण हवा तो बेस आणि हव्या त्या सुट्ट्या हातच्या जातात. म्हणूनच घरी राहता यावे यासाठी बढती नाकारणारे वैमानिकही आढळतात. बाहेरच्यांना हे विचित्र वाटेल, पण त्या घरात त्यामागे पक्का हिशेब असतो.

रिकाम्या आसनाच्या भरवशावर

अशा वैमानिकाला विमानप्रवासासाठी सहसा पैसे मोजावे लागत नाहीत. मात्र आसन मोकळे असेल, तरच त्याला जागा मिळते. तेही नसेल, तर कॉकपिटमधील जादा आसन, म्हणजे ‘जंप सीट’, हा शेवटचा आधार असतो. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर इतर कंपन्यांच्या वैमानिकांना हे आसन देणे थांबविण्यात आले होते. संगणकाद्वारे ओळख पटविण्याची यंत्रणा उभी राहिल्यानंतर ही वाट पुन्हा खुली झाली. नाताळ किंवा उन्हाळी सुट्टीच्या गर्दीत, वादळाच्या दिवसांत ही सारी गणिते कोलमडतात. अनेक कंपन्यांच्या करारांत यासाठी एक तरतूद असते. जागा मिळण्याची शक्यता असलेली दोन विमाने गाठण्याचा प्रयत्न करूनही वैमानिक पोहोचू शकला नाही, तर सर्वसाधारणपणे त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई होत नाही. मात्र त्या फेरीचे पैसे बुडू शकतात.

बेसच्या गावी रात्र काढण्यासाठी अनेक जण मिळून भाड्याने जागा घेतात. या जागांना ‘क्रॅश पॅड’ म्हणतात. एका खोलीत दोन-तीन मजली खाटा आणि सामाईक स्वयंपाकघर असे त्यांचे स्वरूप असते. स्वतःची ठरलेली खाट हवी असेल, तर भाडे अधिक पडते. जी खाट रिकामी दिसेल तिच्यावर पथारी पसरण्याची तयारी असेल, तर ते कमी होते. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील क्यू गार्डन्स ही वस्ती केनेडी आणि लागार्डिया या दोन्ही विमानतळांना सोयीची आहे. वैमानिक आणि हवाई सेविकांच्या अशा बिऱ्हाडांमुळे तिला ‘क्रू गार्डन्स’ असेच टोपणनाव पडले.

सुट्टी जाते कोठे?

अप-डाऊनची खरी किंमत भाड्यात नव्हे, तर दिवसांत मोजावी लागते. एक उदाहरण घेऊ. एखाद्या वैमानिकाला महिन्यात चार-चार दिवसांच्या चार फेऱ्या आहेत. म्हणजे सोळा दिवस काम आणि चौदा दिवस सुट्टी. फेरी सकाळी लवकर सुरू होत असेल, तर त्याला आदल्या दिवशीच घर सोडावे लागते. ती रात्री उशिरा संपत असेल, तर घरी जाणारे शेवटचे विमान निघून गेलेले असते. प्रत्येक फेरीच्या दोन्ही टोकांना असे घडले, तर महिन्याच्या आठ आणि वर्षाच्या ९६ रात्री घराबाहेर जातात. या रात्रींचा पगार नसतो आणि त्या घरच्यांच्या वाट्यालाही येत नाहीत. फेरी दुपारी सुरू होऊन दुपारीच संपणारी असेल, तर हा तोटा बराच कमी होतो. परंतु अशा फेऱ्या मिळतात त्या यादीतील वरच्या क्रमांकांना.

नवख्या वैमानिकाची स्थिती सर्वांत बिकट असते. त्याला ठरलेल्या फेऱ्या मिळत नाहीत. त्याला ‘रिझर्व्ह’वर, म्हणजे राखीव म्हणून, थांबावे लागते. फोन आल्यावर दोनेक तासांत विमानतळावर हजर व्हायचे असेल, तर दुसऱ्या राज्यातील घरी बसून चालत नाही. फोन येवो वा न येवो, ते दिवस क्रॅश पॅडमध्येच काढावे लागतात. याउलट बेसच्या गावी राहणारा राखीव वैमानिक मुलांचा अभ्यास घेत फोनची वाट पाहू शकतो. नोकरी एकच असली, तरी दोन घरांतील चित्र इतके वेगळे असते.

बफेलोचा धडा

हा विषय केवळ घरगुती नाही, याची जाणीव अमेरिकेला १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री झाली. कोलगन एअरचे नेवार्कहून निघालेले विमान बफेलोजवळ एका घरावर कोसळले. विमानातील सर्व ४९ आणि जमिनीवरील एक, असे ५० जण मृत्युमुखी पडले. कॅप्टनचे घर फ्लोरिडात होते. सहवैमानिक आदल्या रात्री सिअॅटलहून निघून मालवाहू विमानाने मेम्फिसमार्गे सकाळी नेवार्कला पोहोचली होती. या कंपनीच्या नेवार्क येथील वैमानिकांपैकी सुमारे ६८ टक्के जण परगावाहून येत असल्याचेही चौकशीत दिसून आले.

विमान ‘स्टॉल’ होण्याच्या बेतात असल्याचा इशारा मिळाल्यानंतर कॅप्टनने केलेली चुकीची हाताळणी हे अपघाताचे कारण असल्याचा निष्कर्ष राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने काढला. थकव्याचा दोघांच्या कामगिरीवर बहुधा परिणाम झाला असावा, पण तो किती झाला हे निश्चित सांगता येत नाही, असेही मंडळाने नोंदवले. त्यानंतर २०१० मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा केला. वैमानिकांच्या कामाच्या व विश्रांतीच्या तासांचे नवे नियम जानेवारी २०१४ पासून प्रवासी विमान कंपन्यांना लागू झाले. त्यानुसार कामावर येण्यापूर्वी किमान दहा तासांची विश्रांती आणि त्यात सलग आठ तास झोपेची संधी मिळणे आवश्यक आहे. उड्डाणास आपण सक्षम आहोत, असे वैमानिकाला लिहूनही द्यावे लागते.

परंतु घर ते बेस हा प्रवास वैमानिकाच्या स्वतःच्या वेळेतच राहिला. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने २०११ मध्ये या प्रश्नाचा अभ्यास केला. अंतराची सरसकट मर्यादा घालण्याइतका पुरावा नाही, असे तिचे मत पडले. ते तर्कसंगतही आहे. बाराशे किलोमीटरवरून आदल्या दिवशी येऊन रात्रभर झोपलेला वैमानिक हा पहाटे तीनला उठून दोन तास मोटार चालवत आलेल्या वैमानिकापेक्षा अधिक ताजातवाना असू शकतो. कामाच्या अखेरीस जागरण सुमारे सोळा तासांपलीकडे जाणार नाही आणि कामापूर्वी किमान सहा तास झोप होईल, असा बेत आखावा, असे समितीने सुचविले. म्हणजे जबाबदारी पुन्हा त्या घरावरच आली.

तराजूची दोन पारडी

स्थलांतराच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. घरातली झोप मिळते, सुट्टीचे दिवस शाबूत राहतात, जादा फेरी घेऊन चार पैसे अधिक मिळवता येतात आणि मूल आजारी पडले, तर काही तासांत घरी परतता येते. दुसऱ्या पारड्यातील वजनेही हलकी नाहीत. न्यूयॉर्क किंवा सॅन फ्रान्सिस्को परिसरातील घरांच्या किमती नवख्या सहवैमानिकाच्या आवाक्याबाहेरच्या असतात. पत्नी किंवा पती शिक्षक, परिचारिका किंवा वकील असेल, तर राज्य बदलताच व्यवसायाच्या परवान्याचा प्रश्न उभा राहतो. वडील महिन्यातून पंधरा दिवस बाहेर असताना मुलांना सांभाळणारे आजी-आजोबा जुन्या गावीच असतात. शिवाय संघीय कायद्यानुसार वैमानिकाला प्राप्तिकर मुख्यतः राहत्या राज्यात भरावा लागतो. टेक्सास, फ्लोरिडा, टेनेसी, वॉशिंग्टन अशा राज्यांत वेतनावर राज्याचा प्राप्तिकर नाही. तेथील घर सोडणे म्हणजे वेतनात घट ओढवून घेणे.

म्हणूनच सर्वांना लागू पडेल असे उत्तर नाही. मात्र विचारण्याचे प्रश्न ठरलेले आहेत. घरापासून बेसपर्यंत थेट विमाने दिवसाला किती? वाटेत विमान बदलावे लागत असेल, तर चुकण्याचा धोका दुणावतो. प्रवास कोणत्या दिशेचा? सिअॅटलहून न्यूयॉर्कला जाताना घड्याळ तीन तास पुढे सरकते, त्यामुळे त्याच दिवशी सकाळी कामावर हजर होणे अशक्यच. महिन्याला फेऱ्या किती? आंतरराष्ट्रीय मार्गावर तीन-चार लांब फेऱ्या असतील, तर अप-डाऊन निभावते. छोट्या मार्गांवर पाच-सहा वेळा ये-जा करणारा मात्र पिचून जातो. ज्येष्ठतेच्या यादीत जवळचा बेस कधी मिळेल? तो महिना-दोन महिन्यांवर असेल, तर बिऱ्हाड हलविण्यात अर्थ नाही. पाच-सात वर्षांवर असेल, तर मुलांचे बालपण त्यात संपते. काही मालवाहू आणि खासगी जेट कंपन्या वैमानिकाला घराजवळच्या विमानतळावरून तिकीट देऊन कामावर नेतात. मोठ्या प्रवासी कंपन्यांत ही सोय सर्रास आढळत नाही.

भारतात वैमानिकांच्या विश्रांतीचा प्रश्न २०२५ मध्ये सामान्य प्रवाशापर्यंत पोहोचला. नागरी हवाई वाहतूक महासंचालनालयाच्या सुधारित नियमांनी साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली. ते नियम पूर्णपणे लागू झाल्यानंतर डिसेंबरमध्ये इंडिगोला हजारो उड्डाणे रद्द करावी लागली. विश्रांतीचे तास कागदावर मोजता येतात. ते तास वैमानिकाने स्वतःच्या अंथरुणात काढले, परक्या खाटेवर काढले, की रिकाम्या आसनाची वाट पाहत विमानतळावरच्या बाकावर, हे त्या कागदावर दिसत नाही. ते ठरते त्याच्या घरातील स्वयंपाकघराच्या टेबलाशी, पुढल्या महिन्याचे वेळापत्रक समोर ठेवून. त्या टेबलाशी बसलेल्या दोघांनी झोपेचा हिशेब घरभाड्याच्या हिशेबाइतकाच चोख मांडला, तर त्याचा लाभ त्यांना कधीही न भेटलेल्या शेकडो प्रवाशांनाही होतो.