सायकलची कावड

विहिरीवरून एका हातात भरलेली घागर घेऊन येणारा मनुष्य पाहिला, तर त्याचे सारे अंग विरुद्ध बाजूस कललेले दिसते. पाय झपझप पडतात, पण ते सरळ पडत नाहीत. तोच मनुष्य खांद्यावर कावड घेऊन दोन्ही टोकांस एकेक घागर अडकवितो, तेव्हा ओझे दुप्पट होऊनही त्याची चाल सरळ होते. श्रावणबाळाने आपल्या वृद्ध मातापित्यांना कावडीच्या दोन पारड्यांत बसवून यात्रेस नेले, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. कावड ही युक्ती किती जुनी आहे, हे त्यावरून ध्यानात येते. घोड्याच्या किंवा बैलाच्या पाठीवरून दोन्ही अंगांस लोंबणारी गोणी, आणि वाटसरूच्या खांद्यावरची दोन तोंडांची पडशी, ही तिचीच भावंडे होत.

सायकलवरून सामान नेणाऱ्याने मात्र ही जुनी युक्ती पुष्कळदा विसरलेली असते.

ठाण्यातील माजिवडा हे एके काळी शहराबाहेरचे गाव होते. आता तेथे मुंबईहून नाशिककडे जाणारा महामार्ग आणि घोडबंदरचा रस्ता एकत्र येतात, उड्डाणपुलांवरून अहोरात्र वाहने धावतात आणि जुन्या गावठाणाच्या भोवती उंच इमारती उभ्या आहेत. गावठाणाजवळ किराणा मालाची दुकाने आहेतच. तथापि महिन्याचे वाणसामान भरावयाचे तर अनेकांची पावले मासुंदा तलावाजवळच्या जांभळी नाक्याकडे वळतात. तेथील बाजार मोठा आणि जुना आहे. माजिवड्यापासून तो सुमारे तीन किलोमीटर पडतो. पायी ओझे आणण्यास हे अंतर फार, आणि रिक्षा करावी तर बाजारात वाचलेले चार पैसे तिलाच द्यावे लागतात. अशा वेळी घरात सायकल असली, तर बारा-तेरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी मोठ्या उत्साहाने निघते.

जाताना काहीच अडचण नसते. अडचण येते ती परतताना. पिठाची पिशवी हँडलच्या उजव्या मुठीस लटकलेली, तांदळाचे पोते कॅरिअरवर आडवे टाकलेले, आणि तेलाचा डबा एका हातात! वळण येते, पिशवी झुलते, तिचा कोपरा पुढच्या चाकाच्या तारांत शिरतो. चाक जागच्या जागी अडते. परंतु स्वार मात्र वेगात असतो. तो हँडलवरून पुढे फेकला जातो. पीठ रस्त्यावर सांडले तर फार तर एका महिन्याच्या हिशेबात खोट येईल, पण मागून एखादा मालट्रक येत असेल तर गोष्ट पिठावर थांबत नाही.

हँडलला ओझे अडकवू नये, याचे दुसरेही एक कारण आहे, आणि ते पिशवी तारांपासून दूर असली तरी लागू पडते. सायकलस्वार आपला तोल हँडलच्या अगदी बारीक हालचालींनी सांभाळीत असतो. सायकल डावीकडे कलू लागली की चाक किंचित डावीकडे वळते आणि ती पुन्हा सावरते. हे इतक्या सहजतेने घडते की स्वारास त्याची जाणीवही नसते. हँडलला जड पिशवी लोंबू लागली की ही हालचाल मंद होते. इतकेच नव्हे, तर झुलणारी पिशवी स्वतःच हँडलला ओढू लागते. मग सायकल कोणी चालवावयाची, स्वाराने की पिशवीने, असा प्रश्न उभा राहतो.

ओझे एकाच बाजूस असले तर काय होते, ते एका लहानशा हिशेबाने कळेल. सायकलच्या मध्यरेषेपासून २५ सेंटिमीटर अंतरावर ५ किलोची पिशवी टांगली आहे असे समजू. पाच गुणिले पंचवीस म्हणजे १२५. हा भार सावरण्यासाठी ४० किलो वजनाच्या मुलास आपले अंग विरुद्ध दिशेस सुमारे ३ सेंटिमीटर सरकवावे लागते, कारण चाळीस गुणिले तीन म्हणजे १२०. तीन सेंटिमीटर हे अंतर किरकोळ वाटेल. पण सारा रस्ताभर तसेच वाकडे बसून पेडल मारून पाहावे, म्हणजे कमरेला त्याची किंमत कळते. तराजूच्या दांडीचा जो नियम, तोच येथे चालतो.

तेव्हा सायकलला तिची कावड करून द्यावी, हे उत्तम. त्यासाठी फार खर्च लागत नाही. मागच्या चाकावरचे लोखंडी कॅरिअर भक्कम आहे ना, त्याचे नट सैल झालेले नाहीत ना, हे प्रथम पाहावे. मग जाड किंतानाच्या किंवा ताडपत्रीच्या सारख्याच आकाराच्या दोन पिशव्या घ्याव्यात. त्या रुंद, दुहेरी पट्ट्यांनी एकमेकींस शिवून जोडल्या आणि कॅरिअरवरून दोन्ही बाजूंस सोडल्या की सायकलची पडशी तयार झाली. शिवण मात्र मोच्याकडून किंवा ताडपत्री शिवणाऱ्याकडून जाड दोऱ्याने करून घ्यावी. घरच्या साध्या शिलाईचा येथे निभाव लागत नाही.

पडशी टाकताना दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे लागते. पेडल मारताना पावलाची टाच मागे येते. पिशवी फार पुढे असली तर ती प्रत्येक फेऱ्यास टाचेला लागते. म्हणून पिशवीची पुढची कड टाचेपासून चार बोटे तरी दूर असावी. आणि पिशवीची आतली बाजू चाकाकडे फुगता कामा नये. त्यासाठी त्या बाजूस पातळ फळीचा किंवा जाड पुठ्ठ्याचा तुकडा घालून खालचे टोक चाकाजवळच्या लोखंडी काडीला बांधतात. पावसाळ्यात पुठ्ठा भिजून लोळागोळा होतो, हे सांगणे नलगे.

बांधण्यासाठी सुतळीपेक्षा जुन्या ट्यूबची पट्टी चांगली. सायकल दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात फुटक्या ट्यूबा पडलेल्या असतात. त्यांतील एक लांब कापून घेतली की झाले. सुतळी एकदा सैल झाली की सैलच राहते. रबर मात्र ओझे थोडे बसले, दबले, तरी त्याच्यामागोमाग आवळत जाते. आपल्याकडील मालवाहू सायकलींवर ही पट्टी सर्रास दिसते, आणि तिच्यासारखी स्वस्त व गुणी वस्तू शोधून सापडणार नाही.

आता सामान भरण्याचा प्रश्न. दहा किलो तांदूळ, पाच किलो पीठ, पाच लिटर तेल व थोडा गूळ असे सामान असेल, तर दुकानदारास तांदूळ पाच-पाच किलोंच्या दोन पिशव्यांत बांधण्यास सांगावे. एका बाजूस तांदूळ आणि पीठ. दुसऱ्या बाजूस तांदूळ आणि तेल. तेल पाण्यापेक्षा हलके असते. पाच लिटर तेलाचे वजन साधारण साडेचार किलो भरते. तेव्हा तेलाच्या बाजूस अर्धा किलो गूळ टाकला की दोन्ही पारडी जवळजवळ सारखी होतात. जड वस्तू तळाशी आणि शक्य तितक्या बैठकीच्या जवळ ठेवाव्यात. ओझे चाकाच्या आसापलीकडे फार मागे गेले, तर पुढचे चाक हलके होऊन हँडल डुगडुगू लागते. कोथिंबिरीची जुडी, पापड, चहाची पुडी ही हलकी मंडळी वर बसली तरी चालते.

हलके सामान उंच गेले तरी फारसे बिघडत नाही, याचे सुंदर उदाहरण गोव्यात पाहावयास मिळते. तेथील पोदेर, म्हणजे पाववाला, सकाळी रबरी भोंगा वाजवीत दारोदार फिरतो. त्याच्या कॅरिअरवर बांबूची भली मोठी टोपली असते, परंतु पाव हा पदार्थच हलका. तीच टोपली बटाट्यांनी भरली, तर सायकल पहिल्याच वळणावर आडवी होईल. उलट दूधवाल्याचे पाहावे. दूध जड, म्हणून त्याचे हंडे चाकाच्या दोन्ही अंगांस लोखंडी आकड्यांवर खाली टांगलेले असतात. मुंबईचे डबेवाले, ज्यांच्या व्यवसायाचा आरंभ महादू हावजी बच्चे यांनी १८९० च्या सुमारास केला, तेही सायकलच्या दोन्ही बाजूंस डबे अडकवून कचेरी गाठतात. इंग्लंडमध्ये खाटीक व वाणी घरपोच माल देण्यासाठी जी सायकल वापरीत, तिचे पुढचे चाक मुद्दाम लहान केलेले असे. त्यामुळे टोपलीस खाली जागा मिळे. विशेष हे की ती टोपली हँडलला नव्हे, तर सायकलच्या सांगाड्याला पक्की जोडलेली असे. हँडल वळे, टोपली वळत नसे.

कार्ल फॉन ड्राइस याने १८१७ साली बनविलेल्या दुचाकीस पेडलही नव्हते. १८८५ साली स्टार्लीची सारख्या चाकांची सायकल आली आणि १८८८ साली डनलॉपने हवेचा टायर बनविला. तेव्हापासून सायकल खऱ्या अर्थाने ओझे वाहू लागली. आपल्याकडील जुन्या काळ्या सायकलीच्या तारा मोजल्या, तर पुढच्या चाकात ३२ आणि मागच्या चाकात ४० भरतात. मागच्या चाकावर अधिक भार पडणार, हे कारागिराने आधीच जाणले होते. स्वारानेही तेच जाणून ओझे नेण्यापूर्वी मागच्या टायरात हवा पुरेशी भरावी. हवा कमी असेल, तर खड्ड्यात ट्यूब रिम व दगड यांच्यामध्ये चिमटली जाऊन फाटते.

ब्रेकची गोष्ट याहून महत्त्वाची. चाळीस किलोंचा मुलगा आणि वीस किलोंची सायकल मिळून साठ किलो झाले. त्यावर वीस किलो सामान चढले की ऐंशी. ब्रेकची पकड मात्र होती तेवढीच राहते. मोकळी सायकल ज्या वेगात ब्रेक दाबल्यावर ६ मीटरांत थांबत असेल, ती आता त्याच वेगात ८ मीटर घेईल. हे दोन मीटर म्हणजे रस्ता ओलांडणाऱ्या माणसाचे अंतर होय. पावसात रिम ओली झाली की हे अंतर आणखी वाढते. म्हणून भरलेली सायकल सावकाश चालवितात. वेग निम्मा केला, तर थांबण्याचे अंतर चौथाईवर येते.

आणि काही ठिकाणी ती चालवूच नये. १९५४ साली व्हिएतनाममध्ये दिएन बिएन फू येथे फ्रेंच सैन्याशी लढाई झाली. तेव्हा व्हिएतनामी लोकांनी डोंगरवाटांनी हजारो सायकलींवरून धान्य व दारूगोळा नेला. एकेका सायकलवर दोनशे किलोंपर्यंत, कधी त्याहूनही अधिक भार असे. त्यांनी हँडलला बांबू बांधून ते लांब केले, बैठकीजवळ दुसरा बांबू उभा रोवला आणि त्या दोहोंना धरून सायकल चालत चालत ढकलीत नेली. त्या सायकलींवर कोणी बसत नसे. माजिवड्याच्या चौकात भरल्या सायकलवरून उतरून ती हाती धरणाऱ्या मुलास लाज वाटण्याचे काहीच कारण नाही. तेथे वाहने चारी दिशांनी येतात. सिग्नल मिळाल्यावर, पादचाऱ्यांच्या पट्ट्यांवरून, सायकल आपल्या अंगाशी किंचित कलती ठेवून ती पलीकडे न्यावी.

घर आले की घाई होते, आणि पुष्कळ सायकली दारातच पडतात. एका बाजूची पिशवी आधी पूर्ण रिकामी केली की दुसरी बाजू सायकलला आपल्याकडे ओढून घेते. एका पायावरचा स्टँड असेल तर ती हमखास कोसळते. मागचे चाक उचलून धरणारा दोन पायांचा स्टँड बरा. तोही सपाट फरशीवर लावावा, उतारावर किंवा चिखलात नव्हे. घरातील कोणाला तरी हँडल धरावयास सांगावे. मग इकडून तांदळाची एक पिशवी काढावी, तिकडून एक काढावी. इकडून पीठ उतरले की लगेच तिकडून तेल, आणि त्यापाठोपाठ गूळ.