कारणांसह भिन्नमत

‘चर्चेप्रमाणे’ हा नवी दिल्लीच्या फायलींवरचा सर्वांत सोयीचा शेरा. चर्चेत कोण काय म्हणाले आणि कशाच्या आधारे म्हणाले, हे त्या एका शब्दात गडप होते. या पार्श्वभूमीवर १९५५ सालच्या एका टिपणाची आठवण ठेवण्याजोगी आहे.

दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या आराखड्यावर मत देण्यासाठी अर्थतज्ज्ञांचे मंडळ नेमण्यात आले होते. अध्यक्ष होते अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख; सदस्यांत धनंजयराव गाडगीळांसारखी मातब्बर मंडळी. मंडळाने मोठ्या योजनेला अनुकूलता दर्शविली. प्रा. बी. आर. शेणॉय यांनी एकट्याने भिन्नमत नोंदविले.

योजना महत्त्वाकांक्षी आहे, एवढे म्हणून ते थांबले नाहीत. गुंतवणुकीची मर्यादा देशातील खरी बचत ठरविते. त्यापलीकडचा पैसा तुटीच्या अर्थभरण्याने उभा केला, तर भाव चढतील आणि त्याची झळ लोकशाही समाजव्यवस्थेलाही लागेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यातील प्रत्येक पायरी विरोधकाला तपासता येत होती. चूक असेल तर नेमकी कोठे, हे दाखविता येत होते. निव्वळ नाराजीला ही सोय नसते.

पुढे ४८०० कोटींच्या सरकारी खर्चापैकी १२०० कोटी तुटीच्या अर्थभरण्यातून उभारण्याचे ठरले. १९५७ मध्ये परकीय चलनाची गंगाजळी आटली आणि योजनेला कात्री लावावी लागली. म्हणून शेणॉय सर्वज्ञ ठरत नाहीत. यंत्रसामग्रीची अफाट आयात आणि धान्याची टंचाई यांचाही त्या संकटात वाटा होता. शिवाय भिलाई, राउरकेला, दुर्गापूरचे पोलाद कारखाने याच योजनेची देणगी. भाकीत खरे ठरले एवढ्यावरच टिपणाचे मोल करणे, हाही आळशी विचारच.

श्रेय दुसऱ्या बाजूलाही द्यायला हवे. योजना आयोगाने हे भिन्नमत दडपले नाही. योजनेच्या अन्य कागदपत्रांबरोबर छापून प्रसिद्ध केले. अर्धशतकानंतर, २००५ मध्ये माहितीच्या अधिकाराचा कायदा झाला. पण २००६ मध्ये फायलींवरील बहुतेक टिपणे त्यातून वगळणाऱ्या दुरुस्तीला केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. देशभर विरोध झाल्यावर सरकारने तो बेत सोडला.